मोटारीचे दिवे आणि वन्सं

आमच्या घरची मोटार दोघं मिळून चालवायची. डॉक्टर चाक धरायचे आणि वन्सं दिवे सांभाळायच्या. डॉक्टर म्हणजे माझे यजमान आणि वन्सं म्हणजे त्यांची थोरली बहीण, साऱ्या येरमाळ्याच्या अक्का. पुढच्या सीटवर त्या कधी टेकून बसल्या नाहीत. पांढऱ्या लुगड्याचा पदर कमरेला खोचून, सीटच्या अगदी कडेला येऊन, उजवा हात दिव्याच्या बटणावर ठेवून त्या रस्त्याकडं बघत राहायच्या. पापणी लवत नाही त्यांची, असं लोक म्हणायचे. ते खरं नव्हतं, पण फारसं खोटंही नव्हतं. तोंडानं मात्र जप चालू असायचा. "बैलगाडी येतीय. लांब आहे अजून. सायकल आहे डाव्या अंगाला. आता गाडी जवळ आली. बारीक करते हं नाना. केला बारीक. थांब. गेली. मोठा केला, चल."

मोटार काळी, जुनी आणि हट्टी होती. पोलीस ॲक्शननंतर एका जहागीरदारानं काढून टाकलेली, डॉक्टरांनी दवाखाना थाटला तेव्हा घेतलेली. तिच्या दिव्याचं पितळी बटण समोरच्या फळीवर मधोमध होतं. एकदा ओढलं की बारके दिवे लागत, आणखी ओढलं की मोठे. मोठ्या दिव्याचा झोत समोरून कुणी आलं की खाली पाडायचा असतो, त्यासाठी चालवणाऱ्याच्या डाव्या पायाशी एक वेगळं बटण होतं. ते आमच्याकडं येण्याआधीच मेलेलं होतं. सोलापूरचा मिस्त्री दोनदा येऊन, चहा पिऊन, डोकं खाजवून परत गेला. त्यामुळं आमच्या मोटारीला एक तर डोळे दिपवणारा झोत होता, नाही तर पणतीएवढा उजेड. मधलं काही नव्हतं. ते मधलं काम वन्सं करायच्या.

लग्न होऊन मी आले तेव्हा हे मला काही माहीत नव्हतं. निजामाचं हैदराबाद संस्थान जाऊन सात-आठ वर्षं झाली होती, नवं राज्य, नवे कायदे, नव्या एसट्या, आणि मी नवी नवरी. आपण मोटारवाल्या डॉक्टरांच्या घरी पडलो म्हणून माहेरी मी पुरेशी मिरवले होते. तुळजापूरला जोडीनं देवीचं दर्शन घ्यायला निघालो तर पुढच्या सीटवर वन्सं आणि मी मागं, औषधांच्या पेटीशेजारी, मांडीवर नारळाची पिशवी. जाताना वाटलं, थोरल्या आहेत, बसू देत. येतानाही तेच. पुढच्या आठवड्यात उस्मानाबादला गेलो, तेव्हाही तेच. नवऱ्याशी बोलायचं तर त्याच्या मानेशी बोलावं लागे, आणि मधेच "आता बोलू नकोस गं, समोर ट्रक आहे," म्हणून वन्सं गप्प करायच्या. मला राग यायचा. तो राग रास्त होता असं मला आजही वाटतं.

शेवटी मी डॉक्टरांकडं तोंड फुगवलं. ते उठून दवाखान्यात गेले. संध्याकाळी वन्सं मला परसात घेऊन गेल्या आणि शेवग्याखाली उभं करून एका दमात सांगून मोकळ्या झाल्या. "त्याला सांज झाली की दिसत नाही, इंदू. मोठ्या दिव्याच्या उजेडात पडेल तेवढं दिसतं, त्याच्या बाहेरचं नाही. बारीक दिव्यात तर काहीच नाही. आमच्या आप्पांचं असंच झालं होतं. आधी सांजचं जायला लागलं, मग दिवसाचं गेलं." मी म्हटलं, मग ड्रायव्हर ठेवा. त्या म्हणाल्या, "आठ दिवसांत येडशीपर्यंत बोभाटा होईल. बाळंतपणं काय दिवसाउजेडी अडतात? आंधळ्या डॉक्टरला कोण बोलावील? इथं चाळीस गावांत दुसरा डॉक्टर नाही. तो घरी बसला तर त्याचं काय होईल, आणि या बायकांचं काय होईल, सांग."

राग होता तिथंच राहिला, त्याच्या शेजारी भीती येऊन बसली. त्या दिवसापासून सूर्य कलला की मी घड्याळाकडं बघायला लागले.

वन्संना ही भीती लहानपणापासून होती. त्यांचे वडील तुळजापूरच्या तहसिलीत पेशकार होते, निजामाची नोकरी, अंगात शेरवानी, डोक्यावर रुमीटोपी. कचेरी सुटायला उशीर झाला की सात-आठ वर्षांच्या वन्सं त्यांना आणायला जायच्या. लोकांना वाटायचं, लेक लाडाची म्हणून बापाचं बोट धरून चालते. प्रत्यक्षात बाप लेकीचं बोट धरून चालत होता. पुढं वन्संचं लग्न झालं आणि दोनच वर्षांत त्या पांढऱ्या लुगड्यात परत आल्या, तोवर आप्पांना दिवसाही दिसेनासं झालं होतं. "पायरी आली आप्पा, गटार आलं आप्पा," हे म्हणायची त्यांच्या जिभेला इतकी सवय होती की पुढं मोटारीत फक्त गटाराच्या जागी ट्रक आला.

दुपारचा चहा झाला की त्या चुलीतली राख आणि ओली चिंधी घेऊन मोटारीच्या दिव्यांपुढं उकिडव्या बसायच्या. काचा चकचकीत झाल्या तरी पुसतच राहायच्या. उन्हं उतरली की त्यांना घरात चैन पडत नसे. दाराशी जायच्या, रस्त्याकडं बघायच्या, परत यायच्या, डॉक्टरांना विचारायच्या, "नाना, आज कुणाकडं जायचंय का? असेल तर आत्ताच चल की." लांबून कुणी धावत येताना दिसलं, की तो त्याच्याच घरी चालला असला तरी वन्सं माझा दंड धरायच्या. मला म्हणायच्या, "बघ बघ, आपल्याकडंच येतोय का?" तो निघून गेला की पदरानं तोंड पुसायच्या.

दिव्यांच्या बाबतीत त्यांचा एकच नियम होता. "दुसऱ्याच्या डोळ्यात जायचं नाही आणि आपल्या डोळ्यातनं काही सुटायचं नाही." तेव्हाच्या मोटारवाल्यांना यातलं दुसरं तेवढं कळत होतं. जीपवाले, ट्रकवाले मोठे दिवे रोखून सुसाट जायचे आणि बैल बुजून गाडी रस्त्याकडेच्या चारीत गेली तर मागं वळूनही बघायचे नाहीत. वन्सं बैलगाडी दिसली की आधी दिवा बारीक करायच्या आणि काच खाली करून हाळी द्यायच्या, "सावकाश जा रे बाबा, आम्ही थांबलोय." डॉक्टर खरंच गाडी थांबवायचे, कारण बारक्या दिव्यात त्यांच्यापुढं काळी भिंत उभी राहायची. एकदा घाईत ते वैतागून म्हणाले, "अक्का, कायद्यानं त्यांनीच बाजूला व्हायचं असतं." वन्सं म्हणाल्या, "बैल काही कायदा वाचून रस्त्यावर येत नाहीत."

पुढून येणाऱ्या बैलापेक्षा पाठमोरा बैल अवघड, हे मला त्यांनीच शिकवलं. मागून झोत पडला की बैलांना आपल्याच सावल्या पुढं नाचताना दिसतात आणि ते सैरावैरा पळतात. एसटीचे ड्रायव्हर वन्संना ओळखायला लागले होते. आमची मोटार दिसली की ते लांबूनच आपला झोत खाली पाडायचे. वन्सं लगेच आपला दिवा एकदा बारीक-मोठा करायच्या, म्हणजे नमस्कार. तेवढ्यापुरतं त्यांच्या तोंडावर हसू दिसायचं.

बहीण-भावाचं भांडण मी एकदाच पाहिलं. मी काय कुक्कुलं बाळ आहे का, असं म्हणून डॉक्टर एका वस्तीवर एकटेच गेले. दिवस मावळला तरी आले नाहीत. वन्सं कंदील घेऊन वेशीपर्यंत गेल्या, परत आल्या, पुन्हा गेल्या. मी तुळशीपुढं बसून राहिले. अखेर एक बैलगाडी दिसली आणि तिच्यामागं दोरानं बांधलेली आमची मोटार. मोटारीत डॉक्टर चाक धरून ताठ बसलेले. अंधारून आल्यावर ते वाटेतच थांबले होते आणि पहिल्या गाडीवानाला त्यांनी पेट्रोल संपल्याचं सांगितलं होतं. गाडीवान दोर सोडत म्हणाला, "अक्का, मोटार लई तहानली हुती बगा." दुसऱ्या दिवशी ते खरं दिसावं म्हणून वन्संनी पेट्रोलचा रिकामा डबा घेऊन भर बाजारातनं दोन चकरा मारल्या. खोटं बोलायला त्यांना भारी जड जायचं, पण डब्यानं बोललेलं चालत असे.

मला मुलगा झाला, मग मुलगी झाली. घरात पेढे वाटले आणि वन्संची झोप उडाली. मुलं रांगायला लागली तशी त्यांनी एक नवी रीत काढली. आप्पांच्या शेरवानीची एक काळी गुंडी त्यांनी जपून ठेवली होती. दिवेलागणीला, दिवा लावायच्या अगोदर, त्या ती ओसरीच्या शहाबादी फरशीवर टाकायच्या आणि मुलांना म्हणायच्या, "शोधा बरं आजोबांची गुंडी." काळी गुंडी, काळपट फरशी, वर सांजेचा अंधार. मुलांना तो खेळ वाटायचा, झटापट करून ती गुंडी उचलायची. आम्ही दोघी त्यांच्या हातांकडं बघत असायचो. गुंडी सापडली की वन्सं म्हणायच्या, "लाव आता दिवा." मी एकदा म्हटलं, "वन्सं, आता पुरे, मुलांना दिसतंय." त्या म्हणाल्या, "नानाला चोविसाव्या वर्षापर्यंत दिसत होतं." त्यानंतर मी पुरे म्हटलं नाही.

मग एका वर्षी दसऱ्यानंतर त्यांनी मला आणखी एक काम लावलं. मोटारीत मी मागं बसलेली असले की विचारायच्या, "झोपलीस का गं? सांग बरं, समोर काय येतंय?" मी सांगायची, कंदील हलतोय, म्हणजे बैलगाडी. "शाबास. आणि त्याच्यामागं?" त्याच्यामागं काही नाही. मग त्या दिवा बारीक करायच्या. मला वाटलं, वन्सं आपल्याला तयार करताहेत, आपली पुढच्या सीटवर वर्णी लागणार. मी आणखी उत्साहानं सांगायला लागले.

चैत्रात येडेश्वरीची यात्रा भरली. रीतीप्रमाणे देवीच्या नावानं चुनखडे वेचायला आलेल्या माणसांनी माळ फुलला, पालखी आमराईत गेली, पाळणे फिरले, आणि तीन-चार दिवसांनी गाड्या परतीला लागल्या. अशाच एका दुपारी एका सुताराची सून दवाखान्यात आणली. पहिलटकरीण, मूल आडवं आलेलं. डॉक्टरांनी तपासलं आणि सांगितलं की इथं काही होणार नाही, उस्मानाबादला मोठ्या दवाखान्यात नेऊन पोट उघडलं तरच बाई वाचेल. घरच्यांचं ठरेना. सासरा म्हणाला, देवीला कौल लावू. नवरा म्हणाला, मामाला विचारू. वन्सं उन्हाकडं बघत आत-बाहेर करत होत्या. शेवटी न राहवून त्या सासऱ्यावर ओरडल्या, "अहो, दिवस चाललाय! जल्दी करा!" मी त्यांना कुणावर ओरडताना प्रथमच ऐकलं. निघालो तेव्हा सूर्य टेकला होता.

मागच्या सीटवर पोरगी माझ्या मांडीवर डोकं ठेवून आडवी झाली, तिची आई पायाशी बसली. पुढं वन्सं आणि डॉक्टर. उजेड होता तोवर मोटार बरी धावली. येडशीच्या अलीकडं अंधारलं आणि तिथंच समोर यात्रेहून परतणाऱ्या गाड्यांची रांग लागली. सगळ्या पाठमोऱ्या. रस्ता अरुंद, दोन्ही अंगाला चारी. मोठा दिवा टाकला तर बैल उधळून गाडीवर गाडी चढणार. बारीक केला तर डॉक्टरांना काही दिसणार नाही. आणि रांगेमागं बैलांच्या चालीनं जात राहिलो तर ही पोरगी वाटेतच जाणार. तिचा हात माझ्या हातात होता, तो गार पडत चालला होता.

"बाई, मोटार का थांबली वो?" पोरीच्या आईनं विचारलं.

शेवटच्या गाडीतनं आवाज आला, "अक्का, दिवा मारू नगा बरं, बैलं बुजत्यात!"

"नाही मारत बाबा," वन्सं म्हणाल्या. त्यांनी दिवा बारीक केला, सीटखालचा कंदील काढून पेटवला आणि दार उघडून खाली उतरल्या. "नाना, मी पुढं चालते. कंदील मागं धरते. तू माझ्या लुगड्याकडं बघ आणि तेवढंच बघ."

कंदिलाच्या उजेडात त्यांचं पांढरं लुगडं उजळलं. तेवढं डॉक्टरांना दिसत होतं. वन्सं पुढं, त्यांच्यामागं गुरगुरत मोटार. त्या एकेका गाडीशी जाऊन सांगायच्या, "कडंला घे रे बाबा, पेशंट आहे." गाडीवान कासरा ओढून गाडी कडेला घ्यायचे, बैलांच्या तोंडावर हात ठेवून उभे राहायचे. "जावा अक्का, जावा." घुंगरं वाजायची, कुणाचं पोर रडायचं, आणि मोटार पुढं सरकायची. असं करत आम्ही सगळी रांग ओलांडली. माझ्या मनात आलं, आता वन्सं आत येतील, मोठा दिवा लागेल आणि आपण सुटू.

पण वन्सं चालतच राहिल्या. मोकळा रस्ता पायाखाली लागला होता, तरी त्या थांबेनात. मी मान उंच करून पुढं बघितलं. आभाळात अजून थोडा उजेड होता. रस्ता डावीकडं वळून ओढ्याच्या पुलावर जात होता, पुलाच्या कडेचे चुना लावलेले दगड मला स्पष्ट दिसत होते. वन्सं सरळ चालल्या होत्या. सरळ म्हणजे ओढ्यात. आणि डॉक्टर त्यांच्या लुगड्याकडं बघत, तेवढंच बघत, त्यांच्यामागं मोटार नेत होते.

"अहो, थांबा!" मी ओरडले. "थांबा! पूल डावीकडं राहिला!"

मोटार गचका खाऊन थांबली. पुढच्या चाकाखालचे दगड गडगडत खाली गेल्याचा आवाज आला. पोरगी विव्हळली. वन्सं वळल्या, त्यांनी कंदील डोक्याएवढा उंच धरला आणि पूल होता तिकडं तोंड केलं. दगड त्यांच्यापासून फार तर एका खोलीएवढे लांब होते.

"कुठं गं?" त्यांनी विचारलं.

डॉक्टरांनी दोन्ही हातांनी चाक घट्ट धरलं होतं. मग ते म्हणाले, "अक्का, कधीपासून?"

"आधी पेशंट," वन्सं म्हणाल्या. हातानं मोटार चाचपत त्या मागच्या दाराशी आल्या. "इंदू, ऊठ. तू पुढं बस. हिचं डोकं मी घेते."

ज्या जागेसाठी मी एवढी धुसफुसले होते ती मला अशी मिळाली. बसले तेव्हा सीट अजून गरम होती. मी डॉक्टरांना मोटार मागं घ्यायला लावली, डावीकडं, अजून डावीकडं, बस. मग पितळी बटण ओढलं आणि पूल उजेडात उभा राहिला. तिथून उस्मानाबादपर्यंत मी काय काय बोलले ते मला आठवत नाही. बैलगाडी, वळण, खड्डा, कुत्रं, दिसेल ते सांगत होते आणि हात बटणावरून काढत नव्हते. मागून वन्संचा आवाज येत होता, पण तो रस्त्याबद्दल नव्हता. "आलं गं बाई, आलाच दवाखाना," एवढंच त्या पोरीला पुन्हा पुन्हा सांगत होत्या. त्यांना बाहेरचं काही दिसत नव्हतं हे आता मला कळत होतं.

पोरगी वाचली. मूलही वाचलं. सासऱ्यानं देवीला साडी नेसवली आणि वन्संना लुगडं आणलं.

दसऱ्यापासून त्यांना सांजचं कमी दिसायला लागलं होतं. मुलांपुढं गुंडी टाकायच्या आधी त्या रोज स्वतः एकदा टाकून शोधायच्या, आणि एक दिवस ती त्यांना सापडली नाही. त्यांनी ते कुणाला सांगितलं नाही. "सांगितलं असतं तर नाना घरी बसला असता," त्या म्हणाल्या. "मला वाटलं, तू तयार होईपर्यंत रेटू. रस्ता पाठ होता की माझा. रांग संपल्याचं कळलं नाही आणि तेवढा एक पूल चुकला." भाऊ त्यांच्यावर रागावला नाही. दोघं ओसरीवर शेजारी शेजारी बसून राहिले, दिवा लावायचं कुणाच्या ध्यानात नव्हतं, आणि त्या अंधारात त्या दोघांनाही एकमेकांची तोंडं दिसत नव्हती.

ज्या बातमीची वन्संनी एवढी वर्षं धास्ती घेतली ती बातमी कधी फुटलीच नाही, कारण ती आधीच फुटलेली होती. आठवडी बाजारात तोच मोटार ओढून आणणारा गाडीवान मला भेटला. मी काही विचारायच्या आत म्हणाला, "वैनी, डागदरसाबाला सांजच्याला दिसत न्हाय ह्ये आमास्नी ठावं हाय. म्हणून तर तुमची मोटार दिसली की आमी गाड्या कडंला घेतो. पर अक्काला सांगू नगा. तिला वाटतंया, कुणाला ठावं न्हाय." मी घरी येऊन वन्संना लगेच सांगितलं. त्यांनी हातातली चिंधी खाली ठेवली. मग म्हणाल्या, "मेले! आणि मला बाजारातनं डबा घेऊन हिंडवलं!" आणि हसायला लागल्या. हसता हसता त्यांच्या डोळ्यांना धार लागली ती थांबेना.

पावसाळ्याआधी त्या तुळजापूरला चुलतभावाकडं राहायला गेल्या. देवीजवळ राहावंसं वाटतं म्हणाल्या, पण नानाबरोबर आणखी एकीला सांभाळायचं ओझं इंदूवर नको, हे कारण मला कळत होतं. सकाळच्या एसटीनं निघाल्या. ओळखीच्या कंडक्टरनं त्यांना ड्रायव्हरमागची पहिली सीट दिली. त्या म्हणाल्या, "नको रे, मला आता मागंच बरं." चढताना त्यांनी माझ्या मुठीत काहीतरी ठेवलं. गाडी हलल्यावर मी मूठ उघडली, तर शेरवानीची गुंडी.

पुढं दहा वर्षं मी त्या सीटवर बसले. मग डॉक्टरांना दिवसाही दिसेना, तेव्हा त्यांनी मोटार विकली आणि ओसरीवर बसून नाडी बघून औषधं सांगायला लागले. लोक शेवटपर्यंत येत राहिले. वन्संची नजर त्यांच्याआधी गेली. आम्ही तुळजापूरला गेलो की त्या आमच्या पावलांवरून आम्हाला ओळखायच्या आणि पहिला प्रश्न विचारायच्या, "दिवे पुसलेस का गं?" मी पुसलेत म्हणायची. गेल्या त्याच्या आदल्या महिन्यातही हाच प्रश्न होता, मोटार विकल्याला तेव्हा बरीच वर्षं झाली होती. मी पुसलेत म्हटलं.

परवा माझा नातू पुण्याहून नवी मोटार घेऊन आला. संध्याकाळी तो मला धाराशिवला, म्हणजे आमच्या वेळच्या उस्मानाबादला, नेणार होता. मोटारीच्या दिव्यांचं कौतुक सांगताना त्याला थांबवत नव्हतं. "आजी, काही करायचंच नाही. हा खटका एकदा इथं फिरवून ठेवायचा. अंधार पडला की दिवे आपोआप लागतात. समोर गाडी आली की आपोआप खाली होतात. आणि नुसते खाली नाही, समोरच्याच्या डोळ्यांपुरताच अंधार करतात, बाकी रस्ता उजळलेलाच. वळण आलं की वळणाकडं बघतात." मी ऐकत होते. दुसऱ्याच्या डोळ्यात जायचं नाही आणि आपल्या डोळ्यातनं काही सुटायचं नाही. मी विचारलं, "बैल ओळखतात का?" तो हसला. मग मोटारीबरोबर आलेलं पुस्तक उघडून त्यानं बघितलं आणि जरा ओशाळून म्हणाला, "ज्याला दिवा नाही ते ओळखतीलच असं नाही, म्हणे. चालवणाऱ्यानं लक्ष ठेवावं."

"म्हणजे वन्सं लागतातच," मी म्हटलं.

निघायच्या वेळी अंधारून आलं होतं. ओसरीवरचा दिवा मी लावला नव्हता. मी गुंडी काढली आणि फरशीवर टाकली. त्याला हा खेळ लहानपणापासून माहीत आहे. "आजी, अजून?" म्हणत तो वाकला. त्याचा हात फरशीवर फिरला, एकीकडं गेला, दुसरीकडं गेला. "मोबाईलचा दिवा लावू का?" त्यानं विचारलं. तो आता तिशीला आलाय. मी नुसती मान हलवली. नको. मग खांबाच्या मुळाशी गेलेली गुंडी त्यानं उचलली आणि माझ्या हातावर ठेवली. "ही घे. एवढी कुठं घरंगळली होती!"

मी पुढच्या सीटवर बसले. मोटारीनं आपले दिवे आपण लावले. समोरून गाड्या येत होत्या, झोत आपोआप सरकत होता, बाजूला होत होता, परत येत होता. फार शहाणे दिवे आहेत, खोटं कशाला बोलू. येडशीच्या अलीकडं माझा उजवा हात उगाच समोरच्या फळीवर गेला. तिथं बटण नव्हतं. आणि तेवढ्यात मला ते दिसलं. "ट्रॉली!" मी म्हटलं. "उसाची. डाव्या अंगाला. मागं दिवा नाही."

नातवानं ब्रेक लावला. उसानं खचाखच भरलेली ट्रॉली काळोखात काळी होऊन उभी होती. तिला वळसा घालून आम्ही पुढं गेलो. त्यानं मोटारीचा वेग कमी केला. मग म्हणाला, "आजी, सांगत राहा."

मी धाराशिव येईपर्यंत सांगत राहिले.